पोरीला पुण्यात नोकरी करायचीय, पण पासपोर्ट अमेरिकेचा: मग काय करायचं?

मुलगी न्यू जर्सीत जन्मली, तिथेच शिकली, आणि आता तिच्या डोक्यात आलंय की दोन-चार वर्षं पुण्यात नोकरी करावी, आजीजवळ राहावं. मग घरात प्रश्न सुरू होतात. व्हिसा लागेल का, वर्क परमिट लागेल का, का अमेरिकेचा पासपोर्ट सोडून भारतीय नागरिकत्व घ्यावं लागेल? मी पुण्यातल्या एका कंपनीत एचआरला आहे आणि नात्यागोत्यात हे पसरलंय की हिला त्यातलं कळतं, त्यामुळे हे फोन मला नेहमीचे. म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

सरळ उत्तर आधी देते. आई किंवा बाबा यांच्यापैकी कुणीही एक कधीतरी भारतीय नागरिक असेल तर मुलाला ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड, म्हणजे मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांसाठीचं कार्ड, मिळू शकतं आणि ते असलं की भारतात खाजगी नोकरी करायला वेगळा व्हिसा किंवा परमिट काहीही लागत नाही. पासपोर्ट अमेरिकेचाच राहतो. झालं. पण याला अपवाद आहेत, आणि गंमत म्हणजे बहुतेक लोक कायद्यात अडकतच नाहीत, ते अडकतात कागदात. आणि ते कागद मुलांचे नसतात, तुमचे असतात. म्हणून हा लेख मी आई-बाबांसाठी लिहितेय, तसंही पोरं मराठी वाचणार आहेत असं मला वाटत नाही.

दुहेरी नागरिकत्वाचं आधी डोक्यातून काढून टाका. भारत ते देत नाही. घटनेचं कलम ९ आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा दोन्ही एकच सांगतात, की आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व गेलं. मग परदेशात गेलेल्या लोकांना काहीतरी द्यायला हवं म्हणून आधी १९९९ मध्ये पीआयओ (पर्सन ऑफ इंडियन ओरिजिन) कार्ड आलं, नंतर २००५ च्या कायदादुरुस्तीने ओसीआय आलं, दोन्ही बरीच वर्षं शेजारी शेजारी चालू राहिली, लोकांचा गोंधळ उडायचा, शेवटी जानेवारी २०१५ मध्ये पीआयओ बंद करून सगळं ओसीआयमध्ये मिसळलं. त्यामुळे कुणाकडे जुनं पीआयओ कार्ड पडलेलं असेल आणि त्यावर भरवसा ठेवून पोराचं तिकीट काढणार असाल तर थांबा, आधी ओसीआय करून घ्या.

आता कोणाला मिळतं. जो स्वतः २६ जानेवारी १९५० ला किंवा त्यानंतर कधीही भारतीय नागरिक होता त्याला, त्याच्या मुलांना, नातवंडांना, पतवंडांना. १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात आलेल्या प्रदेशातले लोकही यात येतात, म्हणजे गोवा आलंच. पणजोबा भारतीय असले तरी चालतं, पण मग पणजोबांचा कागद दाखवावा लागतो आणि तो मिळवणं काय असतं हे ज्याने गावच्या ग्रामपंचायतीत १९३८ ची जन्मनोंद शोधलीय त्यालाच माहीत. आई-बाबांवरून अर्ज करता येत असेल तर आजोबांच्या वाटेला जाऊ नका. आणखी एक मोठा अपवाद: अर्जदार स्वतः, किंवा त्याचे आईवडील, आजीआजोबा, पणजोबा यांच्यातलं कुणीही कधी पाकिस्तान किंवा बांगलादेशचं नागरिक राहिलेलं असेल तर ओसीआय नाही. एक बाजू अस्सल सदाशिव पेठेतली असली तरीही नाही.

इथे दोन प्रकारची कुटुंबं वेगळी करायला हवीत कारण फोनवर याचीच सरमिसळ होते. दुबई, कुवेत, मस्कतला जन्मलेली आपली मुलं बहुतेक भारतीयच असतात, कारण तिथे नुसतं जन्मून नागरिकत्व मिळत नाही, जन्म भारतीय वकिलातीत नोंदवलेला असतो आणि पासपोर्ट भारताचाच असतो. त्यांना या लेखातलं काहीही लागत नाही, त्यांनी उठावं आणि यावं. अमेरिकेत मात्र आई-बाबा एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर आणि अजून भारतीय असले तरी मूल जन्मतःच अमेरिकन. त्याला ओसीआय मिळतं, भारतीय आईवडिलांचं मूल म्हणून. उलट अमेरिकन पासपोर्ट काढला की भारतीय पासपोर्ट त्याला मिळत नाही, कारण परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद करताना आईवडिलांना लिहून द्यावं लागतं की याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही.

बरं, कागद. इथे जरा वेळ काढा कारण सगळा खेळ इथे आहे.

मुलाचा चालू पासपोर्ट लागतो, मुलाचा जन्मदाखला लागतो ज्यावर आई आणि बाबा दोघांची नावं आहेत असा, आणि आईचा किंवा बाबांचा भारतीय असल्याचा पुरावा लागतो. आईबाबा अजून भारतीय असतील तर सोपं, चालू पासपोर्ट दिला की झालं. पण ते अमेरिकन किंवा ब्रिटिश झाले असतील तर जुना भारतीय पासपोर्ट आणि तो परत केल्याचं सरेंडर सर्टिफिकेट. हे सर्टिफिकेट प्रत्येकाने घ्यायचंच असतं, परदेशी नागरिकत्व मिळालं की भारतीय पासपोर्ट वकिलातीत नेऊन रद्द करून घ्यायचा असा नियम आहे, पण ९० च्या दशकात गेलेल्या कितीतरी लोकांनी तो तसाच कपाटात, लॉकरमध्ये, किंवा ठाण्याच्या फ्लॅटमधल्या ट्रंकेत ठेवून दिलेला असतो आठवण म्हणून. मग पोराचा अर्ज भरताना कळतं की आधी आपलाच अर्ज भरायचाय, नागरिकत्व सोडल्याचा. पासपोर्ट हरवला असेल तर आणखी वेळ. सापडला असेल तर आधी बघा त्यावर "रद्द" चा शिक्का आहे की नाही.

आणि आता आपला खास मराठी घोळ, नावांचा. अमेरिकन जन्मदाखल्यावर आईचं नाव असतं बऱ्याचदा लग्नाआधीचं, कारण तिथे आईचं माहेरचं आडनाव विचारायची पद्धत आहे. जुन्या भारतीय पासपोर्टवर सासरचं. आणि आपल्याकडे नुसतं आडनाव थोडंच बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आणि काही घरांत तर लग्नात पहिलं नावही बदलतात, तांदळात अंगठीने लिहून. म्हणजे सुनंदा विष्णू कुलकर्णी आणि मानसी अजित देशमुख ही एकच बाई आहे हे वकिलातीतल्या माणसाला कळणार कसं? त्याला मॅरेज सर्टिफिकेट हवं, आणि पहिलंच नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात असेल तर उत्तम, नसेल तर अ‍ॅफिडेव्हिट. त्यात ८० च्या दशकातल्या कितीतरी लग्नांची नोंदणीच झालेली नाही, पत्रिका आणि फोटो आहेत फक्त. अशा लोकांना मी सांगते की नोंदणी आता करून घ्या, उशिरा करता येते, पण दोघांनी भारतात यावं लागतं, साक्षीदार लागतात, त्यामुळे पुढच्या सुट्टीचे काही दिवस त्यात जाणार हे धरून चाला.

वडिलांकडून अर्ज करणं त्यामुळे बऱ्याच घरांत सोपं पडतं, पुरुषांची नावं बदलत नाहीत ना. त्यातही जोशी एका कागदावर एकाच स्पेलिंगने आणि दुसऱ्यावर वेगळ्या असं असतंच. पण ते अ‍ॅफिडेव्हिटवर निभावतं. जन्मदाखल्याला अपोस्टील, म्हणजे तो खरा असल्याचं सरकारी प्रमाणपत्र, लागेल का हे ज्या केंद्रात अर्ज करणार त्यांच्या यादीत बघा. लागत असेल तर ज्या राज्यात मूल जन्मलं त्या राज्याकडून आणायचं असतं, राहता त्या राज्याकडून नाही. पोर टेक्सासला जन्मलं आणि तुम्ही आता कॅलिफोर्नियात असाल तर कागद टेक्सासला जाणार.

अर्ज ऑनलाइन भरायचा, कागद अपलोड करायचे, मग केंद्रात पाठवायचे. परदेशातून सरकारी फी २७५ डॉलर आहे, वर सेवा केंद्राचे चार्जेस. भारतातून अर्ज केला तर १५,००० रुपये. पण एक मोठी गोष्ट लक्षात ठेवा, टुरिस्ट व्हिसावर येऊन इथे अर्ज करता येत नाही. "येऊ दे तिला, इथे आल्यावर बघू" हे मामाने सांगितलं असेल तर मामाचं ऐकू नका. तिकडूनच कार्ड हातात घेऊन यायचं. किती वेळ लागेल हे कागदांवर अवलंबून आहे, त्यामुळे ऑफर लेटर यायच्या आधी अर्ज गेलेला असावा, ऑफरनंतर नाही.

कार्ड मिळालं की काय होतं? आयुष्यभराचा व्हिसा, हवं तेवढा वेळ राहा, परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या एफआरआरओ कार्यालयाकडे नोंदणी नाही, कंपनी बदला, फ्रीलान्स करा, स्वतःची कंपनी काढा. याची किंमत कळायची असेल तर ज्या परदेशी माणसाकडे हे नाही त्याचं बघा. त्याला एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो, तो एका कंपनीला बांधलेला असतो, नोकरी सुटली की व्हिसा संपला, आणि पगार वर्षाला किमान १६.२५ लाख रुपये असावा लागतो. काही ठराविक कामांना यात सूट आहे, परदेशी खास पदार्थ बनवणारे आचारी किंवा इंग्रजी सोडून इतर भाषा शिकवणारे वगैरे. आता विचार करा, नुकतंच कॉलेज संपलेल्या पोरीला पुण्यात पहिल्याच नोकरीत १६ लाख कोण देणार? सहा-सात लाखांवर सुरुवात होते इथे कितीतरी जणांची. ओसीआय असेल तर ही पगाराची अट लागतच नाही, ती सहा लाखांवरही लागू शकते आणि एखाद्या छोट्या डिझाइन स्टुडिओत त्याहून कमीवरही.

आता काय नाही मिळत ते. सरकारी नोकरी नाही, म्हणजे एमपीएससी, झेडपी, महापालिका, हे सगळं सोडा, नागरिकत्व कायद्याच्या कलम ७-ब मध्ये स्पष्ट आहे. मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही. शेतजमीन, फार्महाऊस, बागायत विकत घेता येत नाही, म्हणजे कोकणात हापूसची बाग घेऊन राहायचं स्वप्न असेल तर ते विकत घेऊन पुरं होणार नाही, वारशाने आली तर मात्र ठेवता येते. फ्लॅट घेता येतो. आणि वेरूळला तिकीट भारतीयांच्या दरात मिळतं, जिथे परदेशी पाहुण्याला ६०० रुपये पडतात तिथे ४०. नोकरीशी याचा संबंध नाही, पण तिकीट खिडकीवर कार्ड दाखवून भांडायचा हक्क आहे हे माहीत असलेलं बरं.

यापेक्षा जास्त महत्त्वाची यादी वेगळीच आहे आणि तीच कुणी वाचत नाही. ४ मार्च २०२१ ला गृहमंत्रालयाने एक अधिसूचना काढली, त्यात काही कामं अशी आहेत जी ओसीआय असूनही आधी खास परवानगी घेतल्याशिवाय करता येत नाहीत: संशोधन, पत्रकारिता, धर्मप्रसाराचं काम, तबलीग (इस्लामच्या प्रसाराचं काम), गिर्यारोहण, परदेशी वकिलातीत नोकरी किंवा परदेशी सरकारी संस्थेत इंटर्नशिप. संरक्षित भागात जायलाही परवानगी लागते.

यातलं संशोधन हा शब्द पुण्याच्या दृष्टीने फार मोठा आहे. आयसर, एनसीएल, आघारकर अशा संशोधन संस्था इथे आहेत, आणि शिकलेली पोरं नेमकी तिथेच यायला बघतात. प्रयोगशाळेत प्रोजेक्टवर लागायचं असेल, पीएचडी करायची असेल, किंवा गावोगावी फिरून ऊसतोड कामगारांवर अभ्यास करायचा असेल, तर परवानगी आधी. ती एफआरआरओ किंवा तिकडची भारतीय वकिलात देते. आणि सॉफ्टवेअर कंपनीत "रिसर्च इंजिनिअर" असं पद असेल तर? माझं मत असं की कंपनीच्या लीगल टीमकडून लेखी घ्या की हे काम नेमकं काय आहे. नुसत्या पदनामाने कोणी पकडत नाही, पण पद काय आणि काम काय यात शंका असेल तर ईमेल पाठवून विचारलेलं चांगलं, तोंडी "चलता है" वर नको. पत्रकारितेचं तर जास्तच जपा. अमेरिकेतल्या वेबसाइटसाठी इथे बसून बातम्या लिहिणं हेही त्यात येऊ शकतं, आणि परवानगी न घेता केलं तर कार्ड रद्द होण्यापर्यंत जातं.

डॉक्टर, वकील, सीए, आर्किटेक्ट यांचं आणखी वेगळं. ओसीआयवाल्याला हे व्यवसाय करायची मुभा एनआरआयच्या बरोबरीने आहे, पण ती मुभा त्या त्या व्यवसायाच्या कायद्याच्या चौकटीत, म्हणजे परवाना तुम्हालाच मिळवायचाय. परदेशात एमबीबीएससारखी पदवी घेतलेल्याला एफएमजीई ही परदेशी पदवीवाल्या डॉक्टरांची परीक्षा द्यावी लागते, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथे पोस्ट ग्रॅज्युएशन करून तिथेच प्रॅक्टिसचा परवाना असलेल्यांना सूट आहे. वकिलीचं जास्त किचकट आहे, कारण अ‍ॅडव्होकेट्स कायद्याच्या कलम २४ मध्ये सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मुळात भारतीय नागरिकाला असं आहे, परदेशी पदवीला बार कौन्सिलची मान्यता आणि परीक्षा वेगळी. न्यूयॉर्कला लॉ केलेल्या पोराने मुंबईत कोर्टात उभं राहायचं ठरवलं असेल तर त्याने महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडून आधी लेखी उत्तर घ्यावं. कोर्टात उभं राहायचं नसेल, एखाद्या बहुराष्ट्रीय कंपनीच्या इथल्या ऑफिसात करार तपासायचे असतील, तर सनद लागत नाही, आणि असं काम मुंबई-पुण्यात भरपूर आहे. सीपीए, म्हणजे अमेरिकेतल्या सीएचंही तसंच, ऑडिटवर सही करता येणार नाही पण अमेरिकन कंपन्यांच्या खराडी-हिंजवडीतल्या ऑफिसांना अमेरिकन टॅक्स कळणारी माणसं हवीच असतात. खरं सांगायचं तर तिकडे वाढलेल्या मुलांची इथे किंमत तिथेच आहे, त्यांनी इथल्या फ्रेशर्सशी कोडिंग टेस्टमध्ये मारामारी करण्यात अर्थ नाही.

आता आमच्या बाजूचं, म्हणजे एचआरचं. मोठ्या कंपन्यांना ओसीआय माहीत असतं, पण मध्यम आणि छोट्या कंपन्यांत पासपोर्ट परदेशी दिसला की एचआर घाबरतं, "आम्ही व्हिसा स्पॉन्सर करत नाही" असं छापील उत्तर येतं आणि अर्ज बाजूला पडतो. म्हणून सीव्हीच्या अगदी वरतीच लिहायचं: ओसीआय कार्डधारक, भारतात कामासाठी व्हिसा लागत नाही. एवढ्या एका ओळीने फरक पडतो. दुसरं म्हणजे जॉइनिंगच्या पोर्टलवर आधार नंबर सक्तीचा असतो आणि पोरीकडे तो नसतो. आधार ओसीआयवाल्याला मिळतं, पण आधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. म्हणजे पहिले सहा महिने आधार नाहीच. तोपर्यंत पासपोर्ट, ओसीआय, पॅन आणि नोंदणी केलेला भाडेकरार यावर चालवायचं. पॅन परदेशात बसूनही काढता येतं, परदेशी नागरिकांचा वेगळा फॉर्म असतो, ते येण्याआधीच काढून ठेवा, कारण पॅन नाही तर टीडीएस जास्त दराने कापला जातो. मग भाडेकरार, मग बँक खातं, पगाराचं खातं साधं रेसिडेंट खातं हवं, बाबांनी हौसेने काढून ठेवलेलं अनिवासींसाठीचं एनआरओ खातं नाही.

ऑफरमधला आकडाही समजावून सांगा पोरांना. सीटीसी म्हणजे हातात येणारा पगार नाही, त्यात कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल सगळं कोंबलेलं असतं. आणि नोटीस पीरियड इथे बऱ्याच ठिकाणी ९० दिवस असतो, तिकडच्या दोन आठवड्यांची सवय असलेल्या मुलांना हे वाचून धक्का बसतो. रिलीव्हिंग लेटर न घेता निघून गेलं तर पुढच्या कंपनीत अडतं.

पीएफचं मात्र खास आहे आणि हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. पीएफच्या नियमात ज्याचा पासपोर्ट भारतीय नाही तो "इंटरनॅशनल वर्कर". ओसीआय असलं तरी पासपोर्ट परदेशीच, त्यामुळे त्यात आलाच. साध्या कर्मचाऱ्याला १५,००० रुपयांची मर्यादा लावून महिना १,८०० वर भागवता येतं, इंटरनॅशनल वर्करला ती मर्यादा नाही, पूर्ण पगारावर १२ टक्के त्याचे आणि १२ टक्के कंपनीचे. बरं भरले तर भरले, पण काढायचे कधी? ज्या देशाशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे, जसं जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान, तिथल्या नागरिकाला परत जाताना काढता येतात. अमेरिकेशी असा करार नाही, त्यामुळे २४ वर्षांच्या अमेरिकन पोरीचे पैसे साधारण ५८ व्या वर्षापर्यंत अडकून राहणार. कर्नाटक हायकोर्टाने २०२४ मध्ये ही इंटरनॅशनल वर्करची तरतूदच घटनाबाह्य ठरवली होती, नंतर दिल्ली हायकोर्टाने उलट निकाल दिला, त्यामुळे कंपन्या सावधपणे कापतच राहतात. ऑफर घेताना हातात किती पडणार याचा हिशोब हे धरून करा.

टॅक्स. १८२ दिवसांच्या वर राहिलं की भारतात रेसिडेंट, आणि इथे कमावलेल्या पगारावर इथे टॅक्स, ते तर आहेच. नव्याने आलेल्याला पहिली दोन-तीन वर्षं बहुतेक आरएनओआर असा मधला दर्जा मिळतो, त्यात परदेशातल्या उत्पन्नावर इथे टॅक्स लागत नाही. पण अमेरिका आपल्या नागरिकाला कुठेही सोडत नाही, पुण्यात राहूनही तिकडचं रिटर्न दरवर्षी भरायचंच. दोन्हीकडे पूर्ण टॅक्स बसत नाही, दोन देशांत टॅक्सचा करार आहे आणि इथे भरलेल्याचं क्रेडिट मिळतं. मात्र भारतातल्या खात्यांत सगळं मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेलं तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकन फॉर्म, भरायचा, आणि इथल्या म्युच्युअल फंडात एसआयपी सुरू करायच्या आधी अमेरिकन टॅक्स कळणाऱ्या सीएला विचारायचं, कारण तिकडच्या नियमात आपले फंड फार वाईट वर्गात पडतात आणि नफ्यापेक्षा फॉर्म भरायचा खर्च जास्त होतो. काकांनी उत्साहाने एसआयपी लावून दिली असेल तर बंद करा. फ्रीलान्स करणाऱ्या अमेरिकनाला तर तिकडचा सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सही लागतो, १५.३ टक्के, परत तेच पीएफवालं कारण, सामाजिक सुरक्षा करार नाही. ब्रिटनच्या पासपोर्टवाल्यांना यातलं बरंचसं डोकेदुखीचं नाही, ते नागरिकत्वावर टॅक्स लावत नाहीत.

"नोकरी अमेरिकेचीच ठेवते, फक्त लॅपटॉप घेऊन आजीकडे येऊन बसते" असं विचारणारीही आता खूप. ओसीआयवर राहण्याची आणि काम करण्याची अडचण नाही. पण इथे बसून केलेल्या कामाच्या पगारावर भारतात टॅक्स लागू शकतो, आणि तिकडच्या कंपनीला माहीत नसेल तर तीच जास्त अडचणीत येते, म्हणून कंपनीला न सांगता करू नका. टुरिस्ट व्हिसावर हे करणं तर नकोच.

लग्न झालेलं असेल तर जोडीदाराचं वेगळं बघायचं. जावई अमेरिकन गोरा असेल तर त्यालाही ओसीआय मिळतं, पण लग्न नोंदवलेलं आणि अर्जाआधी किमान दोन वर्षं सलग टिकलेलं असावं लागतं. तोपर्यंत तो एंट्री व्हिसावर येऊन राहू शकतो, नोकरी करू शकत नाही. दोघांचे पगार धरून बजेट केलेल्या जोडप्यांना हे आल्यावर कळतं.

गोव्यातल्या लोकांचं एक वळण आहे. पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्यांनी, त्यांच्या मुलांनी पोर्तुगालमध्ये जन्म नोंदवून तिकडचा पासपोर्ट घेतला, त्यातल्या अनेकांचा भारतीय पासपोर्ट सरेंडर करून न घेता रद्दच केला गेला, आणि मग सरेंडर सर्टिफिकेट नाही म्हणून ओसीआय अडलं. एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं की अशा वेळी पासपोर्ट रद्द केल्याचं पत्रही चालेल. इस्रायलमधल्या बेने इस्रायली मंडळींची, म्हणजे आपल्या अलिबाग-पेणकडून गेलेल्या ज्यूंची, अडचण लष्कराची होती. परदेशी सैन्यात असलेल्याला ओसीआय मिळत नाही आणि तिकडे तर बहुतेकांना सक्तीची सेवा. २०१७ मध्ये पंतप्रधानांनी तेल अवीवमध्ये जाहीर केलं की सक्तीची सेवा केलेल्यांनाही कार्ड मिळेल. आणि मॉरिशसच्या मराठी लोकांना चार पिढ्यांची अट परवडणारीच नव्हती, त्यांचे पूर्वज १९व्या शतकात गेलेले, तर त्यांच्यासाठी २०२४ मध्ये सातव्या पिढीपर्यंत सवलत जाहीर झाली.

कार्ड एकदा मिळालं की जपायचं पण असतं. वयाची वीस वर्षं पूर्ण व्हायच्या आधी काढलेलं कार्ड असेल तर विसाव्या वर्षानंतर नवा पासपोर्ट निघाला की कार्ड एकदा बदलून घ्यायचं, लहानपणचा फोटो बदलायला. त्याआधी दर वेळी आणि पन्नाशीनंतर एकदा, पासपोर्ट नवा काढला की तीन महिन्यांच्या आत पासपोर्टची कॉपी आणि फोटो पोर्टलवर अपलोड करायचा, ते फुकट आहे. तुमच्या पोरीचं कार्ड ती तीन वर्षांची असताना काढलेलं असेल आणि ती आता २३ ची असेल तर विमानात बसण्याआधी हे बघून घ्या. आणि ऑगस्ट २०२५ पासून एक कडक नियम आहे: दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली, किंवा सात वर्षं किंवा जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्यात चार्जशीट दाखल झाली, तरी कार्ड रद्द होऊ शकतं, म्हणजे निकाल लागायच्याही आधी. नोकरी करणाऱ्या साध्या पोरीला याची भीती नसावी, पण कंपनी काढून डायरेक्टर व्हायचं असेल, भागीदार मित्राने आणलेल्या कागदांवर सह्या करायच्या असतील, तर सही करण्याआधी एखाद्या वकिलाला ते कागद वाचायला द्या.